चित्रकाराचं दप्तर कुठे असतं आणि ते कसं वाचायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या एक निवृत्त कलाशिक्षिका तीन महिन्यांसाठी मुलाकडे कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसागाला येणार आहेत. टॉम थॉमसन, एमिली कार आणि ग्रुप ऑफ सेव्हन हा गट या कॅनडाच्या चित्रकारांची चित्रं त्यांनी छापील पुस्तकांतून वर्षानुवर्षं पाहिली आहेत. त्या विचारतात: "चित्रं गॅलरीत बघायला मिळतील. पण या माणसांची पत्रं, वह्या, हिशेब कुठे ठेवलेत? मी कुठल्या विद्यापीठाची नाही. मला आत घेतील का? आणि घेतलं तर सुरुवात कुठून करू?"

मी गेली एकवीस वर्षं इथल्या अभिलेखागारांत काम करते, त्यातली बहुतेक चित्रकारांच्या कागदांवर गेली. म्हणून जरा लांबलचक लिहिते.

आधी भीती घालवते. आत घेतात. ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडामध्ये, म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालय आणि अभिलेखागारात, कोणीही ओळखपत्र दाखवून वाचक म्हणून नाव नोंदवू शकतं. टोरांटोत आर्ट गॅलरी ऑफ ऑन्टारियोच्या आत ई. पी. टेलर ग्रंथालय आणि अभिलेखागार आहे, तिथे आधी वेळ ठरवून जायचं. पदवी, विद्यापीठाचं पत्र, नागरिकत्व कोणी विचारत नाही. तुम्हाला काय बघायचंय, एवढंच विचारतात. आणि तिथेच बहुतेकांचं अडतं, कारण "टॉम थॉमसनचं काय आहे ते दाखवा" असं म्हणून चालत नाही.

का चालत नाही ते सांगते. इथे एका माणसाच्या किंवा संस्थेच्या हातून, तिच्या रोजच्या कामातून जमलेल्या सगळ्या कागदांच्या गठ्ठ्याला 'फाँ' म्हणतात. फ्रेंच शब्द आहे. इंग्रजीत लिहिताना शेवटी 'ड्स' येतं, पण ते उच्चारायचं नाही. नवीन असताना मला हा शब्द अडायचा. मग एक दिवस लक्षात आलं की आपल्याकडे याला फार जुना आणि नेमका शब्द आहे: दप्तर. शाळेच्या पोरांचं नव्हे, पेशवे दप्तर म्हणतो त्या अर्थाचं. रुमालात बांधलेला कागद कोणत्या फडातून, कोणाच्या कारकिर्दीत आला यावर त्याचा अर्थ ठरतो. रुमाल सोडून सगळे कागद विषयवार लावले तर ते सगळे जपले जातील, पण अर्थ निसटून जाईल. कॅनडात १९९० पासून दप्तरांचं वर्णन करण्याचे देशभराचे समान नियम आहेत. त्यांचा पाया हाच: एकाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत आणि शक्य तिथे मालकाने ठेवलेला क्रम मोडायचा नाही.

म्हणून चित्रकाराचं नाव घेऊन शोधायला गेलात तर हाती निम्मंच लागतं. पत्र लिहिणाऱ्याकडे राहत नाही, ज्याला लिहिलं त्याच्या दप्तरात राहतं. ही एवढी साधी गोष्ट मी दर महिन्याला कोणाला ना कोणाला सांगते.

थॉमसनचंच उदाहरण घ्या. ८ जुलै १९१७ ला तो अल्गॉन्क्विन पार्कमधल्या कॅनू लेकवर होडी घेऊन निघाला, आणि १६ तारखेला त्याचा मृतदेह तळ्यात सापडला. वय ३९. त्याच्या मागे कागद अगदी थोडे उरले. पण त्या पार्कचा रेंजर मार्क रॉबिन्सन रोजनिशी लिहीत असे: हवा कशी, कोण आलं, कोण गेलं. ती रोजनिशी पीटरबरोच्या ट्रेंट विद्यापीठाच्या अभिलेखागारात, एका कुटुंबाच्या दप्तरात आहे. पुढे ब्लॉडवेन डेव्हिस नावाच्या लेखिकेने १९३० च्या आसपास थॉमसनला ओळखणाऱ्या माणसांना पत्रं लिहून माहिती गोळा केली. तिचे कागद ओटावात आहेत. ज्यांनी त्याला वर्षभर पैशाची हमी देऊन पूर्णवेळ चित्रकार केलं ते डोळ्यांचे डॉक्टर जेम्स मॅकॅलम, त्यांना थॉमसनने लिहिलेली पत्रंही आहेत. थॉमसनचं आयुष्य असं तीन-चार परक्या दप्तरांतून जुळवावं लागतं. त्याच्या मृत्यूबद्दल इतक्या दंतकथा का फिरतात, तेही इथे कळतं. पुष्कळांनी एकच दप्तर वाचलं आणि बाकीची पाहिलीच नाहीत.

आणि एक कागद असा आहे जो कागद नाहीच. थॉमसन लहान लाकडी फळ्यांवर, साधारण साडेआठ बाय साडेदहा इंचांवर, जागेवर बसून रंगवायचा. तो गेल्यावर चित्रकार मित्रांनी, जे पुढे ग्रुप ऑफ सेव्हनमध्ये होते, स्टुडिओतल्या फळ्या आवरल्या. जे. ई. एच. मॅकडोनाल्डने एक शिक्का तयार केला, त्यात 'टी टी' ही अक्षरं आणि १९१७ हे साल. फळ्यांवर तो उमटवला. काही फळ्यांच्या पाठीवर लॉरेन हॅरिसच्या हातचे शेरे आहेत, 'पहिल्या दर्जाचं' अशा अर्थाचे. पुढून बघाल तर संध्याकाळचं आकाश आहे, मागून बघाल तर मित्राचं दप्तर. क्लाइनबर्गच्या मॅकमायकल कलासंग्रहात जाल तेव्हा पाठीचे फोटो बघायला मिळतील का, हे जरूर विचारा. मिसिसागाहून गाडीने फार लांब नाही ते. तिथेच आवारात थॉमसनची झोपडी आहे, टोरांटोच्या स्टुडिओ बिल्डिंगच्या मागून १९६२ मध्ये उचलून आणलेली. आणि ग्रुप ऑफ सेव्हनमधल्या सहा जणांच्या समाध्याही तिथेच.

एमिली कारची गोष्ट याच्या उलट. थॉमसनचे कागद कमी, हिचे भरपूर. जन्म १८७१ चा, व्हिक्टोरियाचा. मृत्यू १९४५, तोही व्हिक्टोरियातच. दप्तराचा मोठा भाग त्याच गावी, ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक अभिलेखागारात: स्केचबुकं, रोजनिशीच्या वह्या, लेखांचे कच्चे खर्डे, पत्रं. तुम्ही टोरांटोजवळ असणार आणि व्हिक्टोरिया देशाच्या दुसऱ्या टोकाला. पण बरीच स्केचबुकं ऑनलाइन आहेत, ती सांगलीतूनही बघता येतील. निघायच्या आधीच बघून ठेवा.

तिच्याबाबत दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तिची रोजनिशी १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली, पण ती काटछाट केलेली होती. गाळलेला बराच मजकूर २००३ मध्ये वेगळा छापला गेला. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं लोक जी एमिली वाचत होते तिच्यातली काही पानं दुसऱ्याच कोणीतरी बाजूला काढली होती. छापील रोजनिशी आणि मूळ वही यांत फरक असतो, हे आपल्याकडच्या कोणत्याही थोर माणसाच्या पत्रव्यवहाराला लागू आहे. पण इथे तो फरक तुम्ही स्वतः पान समोर ठेवून तपासू शकता.

दुसरी गोष्ट कागदाची. १९३० नंतरच्या दशकात पैसे नसत, आणि जंगलात उभं राहून झपाट्याने काम करायचं असे. म्हणून ती तैलरंग पेट्रोलने पातळ करून स्वस्त मनिला कागदावर रंगवायची. त्या चित्रांत झाडं वाऱ्यासारखी वाहतात ती या पातळ रंगामुळेच. पण असला कागद आम्लधर्मी असतो, तो पिवळा पडतो, पुढे तपकिरी होतो, कडा बिस्किटासारख्या तुटतात. चित्राचं सौंदर्य आणि त्याचा आजार एकाच पिशवीतून विकत आणलेला. जतन करणारे माझे सहकारी अशा कागदासमोर किती वेळ नुसते उभे राहतात, ते मी पाहिलं आहे.

एक घटना किती दप्तरांत पसरते, याचं सगळ्यात चांगलं उदाहरणही कारचंच आहे. १९२७ मध्ये ओटावाच्या नॅशनल गॅलरीत पश्चिम किनाऱ्याच्या आदिवासी आणि आधुनिक कलेचं एकत्र प्रदर्शन भरलं. गॅलरीचे संचालक एरिक ब्राउन तिच्या घरी जाऊन चित्रं निवडून आले आणि तिला रेल्वेचा पास मिळवून दिला. ५५ वर्षांची ती बाई, जी चित्रकलेतून जवळजवळ उठलीच होती आणि भाडेकरू ठेवून पोट भरत होती, ती देश ओलांडून आली आणि टोरांटोत हॅरिसला भेटली. परतली ती पुन्हा रंगवायलाच. आता ही एक सहल तीन ठिकाणी वाचता येते. गॅलरीच्या प्रदर्शनाच्या फायली ओटावात आहेत. प्रदर्शन रचणारे मानववंशशास्त्रज्ञ मारियस बार्बो यांचं दप्तर नदीपलीकडे गॅटिनोच्या इतिहास संग्रहालयात आहे. आणि तिची स्वतःची वही व्हिक्टोरियात. तिन्हींत त्याच आठवड्यांची हकीकत वेगळी. पहिल्यात कारकुनी, दुसऱ्यात अभ्यासकाची, तिसऱ्यात अंगावर काटा आणणारी. मला विचाराल तर संशोधन म्हणजे या तिघांना एका टेबलावर बसवणं.

एकच वस्तू बघायची असेल तर मात्र मी मॉली लँबची डायरी सांगेन. पुढे ती मॉली लँब बोबाक या नावाने कॅनडाची पहिली अधिकृत महिला युद्धचित्रकार झाली. १९४२ मध्ये ती सैन्याच्या महिला दलात भरती झाली आणि डायरी लिहू लागली. तीही वर्तमानपत्रासारखी! हाताने लिहिलेले स्तंभ, ठळक मथळे, मध्येमध्ये चित्रं. एका मुलीने टोकाचं पाऊल उचललं, अशी पहिल्याच पानावर बातमी: ती सैन्यात गेली ही बातमी. भांडी घासणाऱ्या मुली, कवायत, रांगा, बराकीतल्या खाटा, सगळं भराभर काढलेलं. रेषेला घाई आहे पण माणूस चुकत नाही. ही डायरी लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाकडे आहे आणि तिची पानं ऑनलाइन बघता येतात. तुम्ही मुलांना चित्रकला शिकवलीत, तेव्हा ही पानं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतील. मोठ्या पडद्यावर बघा, फोनवर नको.

आता जे सांगते ते मला स्वतःला लागलेलं आहे. काही वर्षांपूर्वी एका दिवंगत चित्रकर्तीचा भाचा अठरा खोकी घेऊन आला. अतिशय मायेने त्याने सगळी पत्रं तारखेप्रमाणे लावली होती. लावताना पाकिटं फेकून दिली आणि किराणा, लाकूड, रंग यांची बिलं रद्दीत घातली, कारण "त्यात काय बघायचंय?" पाकिटांबरोबर पोस्टाचे शिक्के गेले, म्हणजे तारीख न घातलेल्या पत्रांच्या तारखा गेल्या. एका वहीत चुकून एक बिल राहिलं होतं, लोखंडी सामानाच्या दुकानाचं: जवसाचं तेल आणि हार्डबोर्डचे सहा तुकडे, मापासकट. बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने काढलेली तीन चौकटींची जुळणी. त्या एका चिठोऱ्यावरून तिच्या तीन चित्रांचा क्रम आणि साल आम्हाला ठरवता आलं. बाकीच्या बिलांत काय होतं ते आता कळणार नाही. त्या भाच्याला मी काही बोलले नाही, त्याचा हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासून कोणत्याही कलाकाराच्या घरी गेले की आधी हात जोडून सांगते: आवरू नका. जसं आहे तसं द्या.

काही दप्तरं कायद्याच्या आणि हक्कांच्या दृष्टीनेही वाचण्यासारखी आहेत. लंडन, ऑन्टारियोच्या जॅक चेंबर्सला नॅशनल गॅलरीने त्याच्या चित्रांच्या प्रतिमा मोबदला न देता वापरण्याची परवानगी मागितली. त्याने नकार दिला आणि त्यातून १९६८ मध्ये कलाकारांची कारफॅक ही संघटना उभी राहिली. आज कॅनडात चित्र प्रदर्शनात मांडलं तरी कलाकाराला शुल्क मिळतं, त्याची मुळं तिथे. त्याच गावच्या ग्रेग कर्नोचं दप्तर टोरांटोच्या आर्ट गॅलरीत आहे. टोरांटोचे मायकल स्नो, त्यांचंही तिथेच. स्नोंच्या उडत्या हंसांच्या शिल्पाला एका मॉलने नाताळसाठी लाल फिती बांधल्या होत्या. ते कोर्टात गेले आणि १९८२ मध्ये जिंकले. कलाकृती विकली तरी तिचा मान राखून घेण्याचा हक्क कलाकाराकडे उरतो, हे तिथे ठरलं.

आता ज्यांची दप्तरं नाहीत त्यांच्याबद्दल. वर जी नावं घेतली ती लिहिणाऱ्या माणसांची आहेत. उत्तरेकडच्या इनुइट कलाकारांकडे पत्रांचे गठ्ठे सापडणार नाहीत, पण चित्रं सापडतात आणि तीही डोंगरभर. किनगाइट गावात, ज्याला नकाशे केप डॉर्सेट म्हणत आले, १९५९ मध्ये सहकारी संस्था स्थापन झाली. छपाईसाठी कलाकारांनी काढून दिलेली रेखाटनं संस्थेने विकत घेतली आणि ठेवली. त्यातली थोडीच छापली गेली. केनोजुआक आशेवाक, पिट्सेओलाक आशूना यांची मूळ रेखाटनं त्यात आहेत. हा ठेवा १९९० पासून मॅकमायकलकडे दीर्घ मुदतीसाठी सोपवलेला आहे, आणि त्याची मालकी आजही त्या गावच्या संस्थेचीच आहे. मला ही व्यवस्था फार योग्य वाटते. कागद दक्षिणेत थंड आणि कोरड्या खोलीत सुरक्षित, आणि हक्क ज्यांचा त्यांच्याकडे.

या नोंदी वाचताना नावांकडे नीट बघा. १९४० च्या दशकापासून सरकारने प्रत्येक इनुइट माणसाला एक क्रमांक दिला होता, गळ्यात घालायच्या बिल्ल्यावरचा, पूर्वेला 'ई' आणि पश्चिमेला 'डब्ल्यू' अक्षराने सुरू होणारा. आडनावं १९७० च्या आसपास आली. त्यामुळे एकाच बाईचं नाव जुन्या कागदांत चार प्रकारे लिहिलेलं, किंवा नुसत्या क्रमांकाने नोंदलेलं सापडतं. जुन्या फोटोंखाली तर 'एक एस्किमो स्त्री' एवढंच. लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडाने दोन दशकांपूर्वी प्रोजेक्ट नेमिंग सुरू केलं. फोटो घेऊन नुनावुट या उत्तरेकडच्या इनुइट प्रदेशातल्या वृद्धांना दाखवायचे आणि माणसं ओळखून घ्यायची. एखादी आजी पडद्याकडे बोट दाखवून आपल्या आईचं नाव सांगते आणि ते नाव सूचीत चढतं. आमच्या व्यवसायात याहून मोठं काम मला माहीत नाही.

आणि कागद नसले की काय होतं, तेही इथेच घडलं. अनिशिनाबे या आदिवासी समाजातले चित्रकार नॉर्व्हल मॉरिसो २००७ मध्ये वारले. त्यांच्या नावावर बनावट चित्रं वर्षानुवर्षं विकली गेली. मार्च २०२३ मध्ये ऑन्टारियोत आठ जणांवर आरोप ठेवण्यात आले आणि हजाराहून जास्त चित्रं जप्त झाली. चित्र कोणाकडून कोणाकडे गेलं याची अखंड कागदी साखळी असती तर एवढं सगळं इतकी वर्षं चाललं नसतं. जिवंत कलाकारांना मी म्हणूनच सांगते की चित्र विकलंत त्या दिवशीच वहीत लिहा: कोणाला, किती मापाचं, पाठीवर काय लिहिलंय.

तुम्हाला जवळचं वाटेल असं एक नाव राहिलं. पी. मनसाराम. जन्म माउंट अबूचा, शिक्षण मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये, आणि १९६६ मध्ये कॅनडा. टोरांटोत माध्यमांचे अभ्यासक मार्शल मॅक्लुहान यांच्याबरोबर त्यांनी कोलाज केली. मुंबईची सिनेमाची पोस्टरं, देवांची कॅलेंडरं, इकडची छापील जाहिरात, सगळं त्यांच्या कामात एकमेकांवर चिकटलेलं. २०२० मध्ये ते गेले. त्यांच्या कामाचा मोठा संग्रह टोरांटोच्या रॉयल ऑन्टारियो म्युझियममध्ये आहे. संग्रहालयाच्या सूचीत नाव टाकून प्रतिमा बघा. जे. जे.च्या पिढ्या तुम्हाला ओळखीच्या असतील, म्हणून सांगते.

फोटो आणि छपाईबद्दल एक खाचखळगा. कॅनडात लेखकाच्या हयातीनंतर ५० वर्षं असणारा स्वामित्वहक्क २०२२ च्या अखेरीस ७० वर्षं झाला, पण आधीच संपलेले हक्क पुन्हा जिवंत झाले नाहीत. म्हणून १९७० मध्ये वारलेल्या हॅरिसची चित्रं मोकळी आहेत, आणि १९७४ मध्ये वारलेल्या, ग्रुप ऑफ सेव्हनमधल्याच ए. वाय. जॅक्सनची २०४४ च्या अखेरपर्यंत नाहीत. इथपर्यंत सरळ. पण हॅरिसची पत्रं अप्रकाशित राहिली असतील तर त्यांना जुना वेगळा नियम लागतो आणि ती २०४८ संपेपर्यंत संरक्षित आहेत. चित्र मोकळं, पत्र बांधलेलं, माणूस एकच. अभ्यासासाठी फोटो काढायला बहुतेक ठिकाणी हरकत नसते. छापायचं असेल तर मात्र आधी विचारा.

प्रत्यक्ष दिवस असा असतो. कोट आणि पिशवी बाहेर लॉकरमध्ये. आत पेन्सिल, वही, लॅपटॉप. शाईचं पेन चालत नाही. एका वेळी एक खोकं आणि खोक्यातली एक फाइल टेबलावर, कागदांचा क्रम जसाच्या तसा. पांढरे हातमोजे फक्त फोटो आणि निगेटिव्हसाठी. कागदाला स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण मोज्यांनी कडा कळत नाहीत आणि कागद फाटतो. टाचण्या गंजलेल्या दिसल्या तर स्वतः काढू नका, आम्हाला हाक मारा. दोन तासांत डोळे थकतात. दिवसाला दोन खोकी खूप झाली.

निघण्याच्या निदान महिनाभर आधी मेल करा, कारण बरीच खोकी दुसऱ्या गावच्या गोदामात असतात आणि मागवायला दिवस लागतात. मेल करण्याआधी 'आर्कीऑन' या ऑन्टारियोच्या आणि 'मेमरी बीसी' या ब्रिटिश कोलंबियाच्या सूचीत नाव टाकून बघा. दप्तराच्या वर्णनाखाली शोधसूची मिळेल, इथे तिला फाइंडिंग एड म्हणतात. ती पूर्ण वाचा, कंटाळा आला तरी वाचा. मग मेलमध्ये दप्तराचं नाव, खोक्याचा क्रमांक, फाइलचा क्रमांक आणि तुम्हाला नेमकं काय हवंय ते दोन ओळींत. 'मी निवृत्त कलाशिक्षिका आहे' हे बिनधास्त लिहा. माझ्या अनुभवात असा मेल आला की टेबलापलीकडचा माणूस आपणहून तिसरं, न मागितलेलं खोकंही सुचवतो.

तुम्ही सूची वाचून दहा-बारा फायलींची यादी केलीत की इथेच टाका. कोणत्या आधी बघायच्या त्यावर मी खुणा करून देते.